अमितचं ऑफिस

फोन दुसऱ्यांदा वाजला तेव्हा भिवाजींनी तो न बघताच लोडाखाली दडपला आणि पोह्यांची बशी पुढे सरकवली.

"घ्या ना मोरेश्वरभाऊ. तुम्ही तर काही घेऊनच नाही राहिले."

पाहुणे चारला यायचे होते. लोधीखेड्याहून गाडी लवकर मिळाली म्हणून दोनलाच पांढुर्ण्यात येऊन थडकले. उषाबाई, त्यांचा मुलगा मंगेश आणि उषाबाईंचे थोरले भाऊ मोरेश्वर. भिवाजींच्या मुलीला, सुचिताला बघायला आले होते. उषाबाई लोधीखेड्याच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि भिवाजींची बायको वच्छला त्याच शाळेत. वच्छला जाऊन तीन वर्षं झाली, तरी उषाबाईंनी या घराची ओळख सोडली नव्हती. मुलाचं लग्न काढल्यावर पहिला निरोप त्यांनी इकडेच धाडला होता. सौंसरच्या एका लग्नात सुचितानं मंगेशला पाहिलं होतं. त्यावर ती काही बोलली नव्हती, पण आज सकाळपासून तिनं तीनदा वेणी घातली, आणि भिवाजींना तेवढं पुरेसं होतं. हे स्थळ हातचं जाऊ नये, एवढंच त्यांना आज हवं होतं.

मोरेश्वरांनी पोह्यांतला शेंगदाणा वेचून तोंडात टाकला.

"तुमचा मुलगा-सून परदेशात आहेत म्हणे?"

"हो ना. सून तिथं संशोधन करते, नेदरलँड्समंधी. बटाट्यावर रोग पडतो, त्याच्यावर."

"अन् अमित काय करून राहिला?"

"तोही लागला तिकडंच," भिवाजी म्हणाले. "ऑफिसात."

ही थाप आता आठ महिन्यांची झाली होती आणि चांगलं बाळसं धरून होती. तेजस्विनी आधी एकटीच गेली. पहिले दोन महिने फोनवर तिचे गाल दर आठवड्याला थोडे आत जात होते. काय जेवलीस विचारलं की "ब्रेड" म्हणायची आणि दुसरं काहीतरी बोलायला लागायची. तिथं दुपारी जो तो आपापल्या टेबलाशी बसून खातो, सहा वाजता सगळे घरी जातात आणि घरी गेलं की आपणच दिवा लावायचा, हे तिनं एकदा हसत सांगितलं आणि मग तिला हसू आवरेना की रडू, ते भिवाजींना कळलं नाही. पुढच्याच महिन्यात अमितनं बँकेतली नोकरी सोडली आणि तो तिच्याकडे निघून गेला. तिथं त्याला काम मिळालं नाही. हळूहळू त्यानं ते शोधणंही सोडलं. तो घर सांभाळू लागला आणि तेजस्विनीचे गाल भरू लागले. "बाबा, आता सहा वाजले की घरी जावंसं वाटते," असं ती एकदा म्हणाली, तेव्हा भिवाजींना खरोखर हायसं वाटलं होतं.

पण हायसं वाटणं वेगळं आणि चारचौघांत सांगणं वेगळं. आपल्या बियाण्याच्या दुकानात कुणीतरी विचारलं तेव्हा तोंडातून 'ऑफिस' निघून गेलं, आणि एकदा निघाल्यावर ते रोज उघडावं लागलं.

लोडाखाली फोन तिसऱ्यांदा वाजला. चहाचा ट्रे घेऊन आलेली सुचिता जागीच थांबली.

"बाबा, दादाचा असेल. दोनदा वाजला मघाशी."

"राहू दे. मग करू."

"वहिनीले काही झालं असेल तर?"

तेजस्विनीचे ते दोन महिने सुचिताही विसरली नव्हती. तिनं ट्रे ठेवला, लोडाखाली हात घातला आणि फोन उचलला. पडद्यावर अमित दिसला. कमरेला ॲप्रन, कोपरापर्यंत बेसन, कपाळावर घाम.

"बाबा कुठं आहेत? पाटोडी तुटून राहिली! बारा वाजता तेजूची लॅबची माणसं येऊन राहिली जेवायले. पहिल्यांदा बोलावलं तिनं कोणाले घरी, अन् माझ्या पाटोडीचा लगदा झाला!"

मोरेश्वर हौसेनं पुढे झुकले.

"काय अमितराव, ऑफिसले सुट्टी काय आज?"

"कोणतं ऑफिस, काका?" अमित आपल्याच घाईत होता. "मी तर घरीच असतो. स्वयंपाक, धुणं, बाजार, सगळं माझ्याकडंच. बाबांनी नाही सांगितलं?"

मंगेशचा कप ओठांपाशी राहिला. भिवाजींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. फोन बंद करावा, नेटवर्क गेलं म्हणावं आणि काहीतरी सारवासारव करावी, एवढं त्यांना सुचलंही. त्यांनी सुचिताच्या हातातून फोन घेतला तो त्याच विचारानं. पण पडद्यावर ताट होतं, ताटात पिवळा, ढिला, गरमागरम गोळा होता आणि अमितनं त्यात सुरी खुपसली होती.

"सुरी ठेव आधी!" भिवाजी ओरडले. "गरम असतानाच कापून राहिला? अन् हे शिजलंच नाही. पाणी जास्त झालं. कढईत टाक परत."

"सगळं?"

"सगळं. तेल सोड दोन चमचे. गॅस बारीक कर. थोडंसं बेसन वेगळं भाजून घे अन् टाक त्याच्यात. हलव. असं नाही, तळापासून हलव."

त्यांचा उजवा हात हवेत कढई ढवळू लागला. कडेनं सुटू दे, म्हणताना मनगट वळलं. झाकण ठेव, म्हणताना तळवा पालथा झाला. ताटाला तेल लाव, वरून खसखस अन् खोबरं, बोटानं दाब, आता पंख्याखाली ठेव आणि दहा मिनिटं त्याच्याकडं पाहूच नको. रश्शात वाढतानाच टाकजो, उकळत्यात नको. समोर पाहुणे बसले आहेत, याचा त्यांना पार विसर पडला होता.

शेवटी अमितनं सुरीला तेल लावून एक चौकोनी तुकडा उचलला आणि पडद्यासमोर धरला. तुकडा अखंड होता. त्याच्या खांद्यामागून तेजस्विनी डोकावली. तिनं तुकडा त्याच्या हातातूनच तोंडानं उचलला, आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "बाबा, वाचवलं तुम्ही! बारा जणांचं करून ठेवलं यानं, येणार चार." चेहरा गोल झाला होता तिचा. फोन बंद झाला.

मग भिवाजींना खोली दिसली.

मोरेश्वरांनी घसा साफ केला. "भिवाजीभाऊ, तुम्हाले हे एवढं कसं काय येते?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. भिवाजी जमिनीकडे बघत बोलले.

"वच्छलाची सात वाजताची बस असे. माझं दुकान दहाले उघडे. मग स्वयंपाक मीच करत होतो, तिचा डबाही. बावीस वर्षं. पण दाराले आतून कडी लावून. लोक म्हणाले असते, मास्तरीण नवऱ्याले राबवते. तिच्या नावाले बोल लागू नये, म्हणून कोणाले समजू नाही दिलं. अन् पोराचंही तसंच. खोटं बोललो मी तुमच्याशी. तो ऑफिसात नाही. पण त्यात सुचिताचा काही दोष नाही."

सुचिता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि परत सोडलं.

उषाबाईंनी कप खाली ठेवला.

"भाऊ, कोणाले समजू नाही दिलं म्हणता?"

"नाही ना."

"अख्ख्या शाळेले माहीत होतं. मले पहिल्या आठवड्यातच कळलं." त्यांना हसू येत होतं, पण आवाज जरा ओला झाला होता. "वच्छलाच सांगे. डबा उघडला की आधी सगळ्यांच्या पुढ्यात फिरवे. म्हणे, पाहा, आज आमच्या ह्यांनी काय दिलं. शिपायापासून हेडमास्तरापर्यंत. आम्ही बाया जळत होतो तिच्यावर."

"मले कधी बोलली नाही ती," भिवाजी म्हणाले.

"तुम्ही कडी लावत होते ना. मग कशी बोलणार? तुमचा मान राखला तिनं."

भिवाजींनी खांद्यावरचा पंचा काढून तोंडावरून फिरवला. डोळ्यांपाशी तो जरा जास्त वेळ राहिला. छातीत बावीस वर्षं धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं आणि त्यांना एकदम मोकळं वाटलं. इतकं मोकळं की त्यांना हसू आलं. मोरेश्वरही हसले आणि त्यांनी बशी पुढे ओढली.

"आता सरळच सांगते," उषाबाई म्हणाल्या. "हे घर पाहूनच आली मी. पण माझंही एक सांगून टाकते, मागाहून खोटं पडायले नको. आमच्या मंगेशले भाजी येते, वरण-भात येते. पोळ्या नाही जमत त्याले. चालेल का, विचारा पोरीले."

मंगेशनं मान खाली घातली.

दारातून सुचिता म्हणाली, "बाबा शिकवतील ना."