विहारातलं मेण

उन्हाळ्यात अकोल्यात लेमनच्या गोळ्या बरणीतच एकमेकींना चिकटायच्या. देवमन आपल्या दुकानात करायचा त्या चिकटत नव्हत्या. वरून चमकायच्याही. म्हणून बासष्ट साली बुद्धपौर्णिमेला विहारात वाटायला त्याच्याच गोळ्या घ्यायच्या, असं बुधाजीनं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं. बुधाजी विहाराची झाडलोट बघायचा. म्हातारा माणूस, तोंडात दात नाही. देवमनची एक गोळी गालात धरून दुपार काढायचा.

पौर्णिमेच्या तोंडावर फूड इन्स्पेक्टर दुकानात आला. गोळ्यांचा नमुना घ्यायचा होता, पंच पाहिजे होता. शेजारचे दुकानदार हळूच आत सटकले.

बुधाजी म्हणाला, "मी होतो पंच. आपल्या पोराचा माल हाय, मले कायचं भेव?"

"काय काय घालतोस?" साहेबानं देवमनला विचारलं.

"साखर. लिंबाचं सत. हाताले खोबऱ्याचं तेल."

"बस?"

"बस."

साहेबानं गोळ्या तीन बाटल्यांत भरल्या. बुचांवर लाख लावायची होती. "जरा मेणबत्ती दे."

"नाई साहेब."

"नाई कशी?" बुधाजी म्हणाला. "परवाच तं पिशवीभर तुकडे देल्ले तुले. वंदनेतले उरलेले." मग साहेबाकडं वळून, कौतुकानं, "त्याच्यानंच तं गोळ्या चमकते. सांगत काहून नाई रे? लाजून राहिला का?"

देवमन बरणीचं झाकण पुसत राहिला.

मेण वितळताना रॉकेलसारखा वास यायचा. म्हणून तर तो मागचं दार लावून घ्यायचा. कोणाला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर कोणीतरी सांगितलं असतं.

साहेब चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. "बाबा," तो बुधाजीला म्हणाला, "बत्तीचं मेण जमिनीतल्या तेलातून निघतं. रॉकेल निघतं त्यातूनच. खायच्या मालासाठी ते वेगळं साफ करावं लागतं. हे तसलं नाही."

बुधाजीनं देवमनकडं पाहिलं. "तुले मालूम होतं?"

"वास येत होता, काकाजी."

मग देवमननंच मागून एक तुकडा आणून पेटवला. त्याच्यावर लाख वितळली, तिन्ही बाटल्यांना सील लागलं. बुधाजीनं पंच म्हणून सही केली. सही करताना त्याचा गाल अजून फुगलेलाच होता. पेन ठेवल्यावर त्यानं गोळी तोंडातून काढली.

देवमननं हात पुढं केला.

बुधाजीनं ती त्याच्या हातात दिली नाही. धोतराच्या सोग्यात बांधली.

"पौर्णिमेले फुटाणे वाटू," तो म्हणाला, अन् पायरी उतरला.