साठीला संपलेली रेघ

एचआयव्ही असलेल्यांना पुढे कॅन्सर किती होईल, हे कॉम्प्युटरवर मांडणाऱ्या समितीत मला घेतलं, कारण एक तरी खराखुरा रुग्ण हवा असा नियम होता. निघताना बायको म्हणाली, "जाताच आहात, तर तुमच्या फुफ्फुसांच्या कॅन्सर-तपासणीच्या स्कॅनचंही विचारा."

समितीचे प्रमुख असलेल्या प्राध्यापकांनी कॉम्प्युटरमध्ये लाखभर माणसं पाळली होती. ती सिगारेटी ओढायची, गोळ्या घ्यायची आणि कुणाला त्रास न देता मरायची. पडद्यावर त्यांच्या आयुष्याची रेघ साठीला येऊन संपली होती.

"पुढे काय?" मी विचारलं.

"पुढे कुणी उरतच नाही," प्राध्यापक म्हणाले. "म्हणून स्कॅन साठीपर्यंतच द्यायचा, अशी आपली शिफारस आहे."

"आकडे जरा जुने आहेत," त्यांची सहायक चाचरत म्हणाली. "आत्ताच्या गोळ्या यायच्या आधीचे."

"मी त्रेसष्ट वर्षांचा आहे," मी म्हणालो.

प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. माझं जिवंत असणं काही त्यांच्या पचनी पडेना.

"तुम्ही अपवाद," ते गोड हसून म्हणाले. "अपवादावरून धोरण ठरत नसतं."

"मग माझा स्कॅन?"

"तो आता नियमात बसत नाही."

शिफारस मंजूर झाली. दारापर्यंत सोडायला येऊन त्यांनी माझा हात प्रेमाने दाबला.

"पुढच्या वर्षीच्या बैठकीला नक्की यायचं हं. तुम्ही नसलात तर ती भरवता येत नाही."