माझ्या कपाळावरचा वाकडा सात

मी फेरेट बोलतेय, फौजेची टेहळणीची चिलखती गाडी. हो, तीच! मागच्या महिन्यात थॉर्नबेकच्या बाजारात जिच्या अंगावर जर्मन फौजेचा काळा क्रॉस होता आणि जिच्याकडे बोट दाखवून एक आजीबाई "मेली शत्रूची गाडी!" म्हणाल्या, तीच मी. आजीबाईंचा मला राग नाही. त्यांना जे दिसलं ते त्या बोलल्या. माझा राग आहे मला हे सोंग देणाऱ्यावर, आणि आज मी तो गिळून बसणार नाही.

अहो, मी इंग्रज आहे! कॉव्हेंट्रीची जन्मलेली, १९५५ सालची. ते मोठं युद्ध तोवर संपून दहा वर्षं झाली होती. चार चाकं, जाड पोलादी कातडी, वर एक मशीनगन आणि आत दोन माणसं गुडघे दुमडून बसतील एवढी जागा. पुढे जायचं, शत्रू कुठे आहे ते बघायचं आणि बातमी घेऊन परत यायचं, हे माझं काम. मला मागे जायलाही पाच गिअर आहेत, जेवढी पुढे पळते तेवढीच मागे. यावर जत्रेतले लोक खो खो हसतात. ज्यांच्यावर कधी कुणी नेम धरला नाही, त्यांना हसायला काय जातं!

माझी सगळी नोकरी पश्चिम जर्मनीत झाली. सीमेवर उभं राहायचं, सलगमाच्या शेतांतून गस्त घालायची, टपालाच्या पिशव्या पोचवायच्या. मी एकही गोळी झाडली नाही. पलीकडून कुणी येऊ नये म्हणून उभी राहिले आणि कुणी आलं नाही. याला पराक्रम म्हणत नसतील तर न म्हणोत, पण ती माझी हयात आहे.

माझा पहिला चालक डेरेक ओल्डरॉइड. यॉर्कशरच्या गिरणीगावातला, एकोणीस वर्षांचा, सक्तीच्या सैनिकी नोकरीवर आलेला लाजरा पोरगा. माझं गिअरचं पेडल अर्धवट दाबलं की उलट उसळून पायावर लाथ मारतं. डेरेकने अशा दोन लाथा खाल्ल्या, तिसरी कधी खाल्ली नाही.

एका फेब्रुवारीत सार्जंटने त्याला माझ्या कपाळावरचा नंबर नव्याने रंगवायला लावलं. थंडी अशी की रंग डब्यातच घट्ट झालेला. शेवटचा आकडा इंग्रजी सात. डेरेकचा हात थरथरला आणि साताचा पाय एका बाजूला गेला.

"ओल्डरॉइड, हा सात आहे की दारू प्यालेला एक?" सार्जंट ओरडला.

"सातच आहे साहेब. गारठलाय."

सगळी तुकडी हसली आणि तो सात तसाच राहिला. पुढे मला कितीदा रंग दिला, पण प्रत्येक रंगाऱ्याने आळसाने त्याच रेषांवरून कुंचला फिरवला. डेरेक घरी गेला, मी म्हातारी झाले, लिलावात निघाले आणि एका भंगारवाल्याच्या आवारात काटेरी झुडपात रुतून बसले. तिथे एक दिवस पोट सुटलेला, टक्कल पडलेला माणूस आला, माझ्या कपाळावरचं शेवाळ बाहीने पुसलं आणि त्या वाकड्या सातावरून बोट फिरवत राहिला. बसडेपोतला मेकॅनिक झालेला माझा डेरेक होता तो!

त्याने मला घरी नेलं. त्याची बायको माव्हिस दारात हात बांधून उभी. "माझं कपडे धुवायचं यंत्र पडवीत भिजतंय, आणि या सवतीला गॅरेज!" ती म्हणाली. पण ब्रेकचं काम चालायचं तेव्हा पेडल दाबायला तीच आत बसायची, तोंडाने अखंड बडबडत.

माझी एक खोड आहे आणि ती नीट ऐका, कारण पुढचं रामायण त्यावरूनच घडलं. एका बाजूची माझी पुढची आणि मागची चाकं आतून एकमेकांना बांधलेली आहेत. मातीत ती थोडीथोडी घसरतात आणि मोकळी होतात. डांबरावर घसरायला जागा नाही, मग आतल्या दांड्यांना पीळ चढत जातो. म्हणून डेरेक दर काही मैलांनी मला पदपथाच्या कडेवर चढवायचा नि धपकन उतरवायचा. "दे बाई आळस," म्हणायचा. चाक क्षणभर अधांतरी व्हायचं, आत कट्कन आवाज व्हायचा आणि मी सुटायचे. चर्चसमोरच्या हिरवळीवर माझ्या चाकांच्या खुणा उमटल्या म्हणून पाद्रीबाबांनी दोनदा तक्रार केली. डेरेकने दोन्ही वेळा नवीन बी पेरून दिलं आणि पुढच्या रविवारी पुन्हा चढवली.

मग माव्हिस गेली, आणि डेरेकचा खुबा निकामी झाला. वरच्या झडपेतून आत उतरणं त्याला जमेना. त्याने मला रसेल प्रॅट या दंतवैद्याला दिलं, एकाच शब्दावर: "हिचा नंबर तेवढा राहू दे." रसेलने छातीवर हात ठेवून हो म्हटलं.

आणि वर्ष सरायच्या आत त्या नंबरावर राखाडी रंग फासला! का, तर थॉर्नबेकला चाळीसच्या दशकाची जत्रा भरते. बायका जुन्या पद्धतीचे केस वळवतात, पुरुष भाड्याचे गणवेश घालतात, आणि युद्धानंतरच्या गाड्यांना तिथे मज्जाव. मग या महाशयांनी मी जर्मन गाडीसारखी दिसावी म्हणून मला प्लायवूडची चोच लावली, काळे क्रॉस काढले, आणि स्वतः जर्मन अधिकाऱ्याची टोपी घालून मला घेऊन निघाले. जे युद्ध संपल्यावर माझा जन्म झाला, त्यात मला शत्रू करून उभं केलं! सीमा राखली तिला कुणी विचारत नाही. लोकांना प्रसिद्ध युद्ध लागतं, मग ते खोटं असलं तरी चालतं. वरून कीर्तन, आतून तमाशा.

घरापासून तीस मैल त्याने मला गुळगुळीत रस्त्याने आणलं. एकदाही कडेवर चढवलं नाही. माझी हाडं आतून करकरत होती.

जत्रेत डेरेक आला होता. बसने, काठी टेकत, हातात मटण पॅटिस गुंडाळलेला कागद. मलाच बघायला आला होता आणि माझ्यासमोरून निघून गेला. माझा जुना लष्करी हिरवा रंग शोधत गेला हो! मला तोंड असतं तर मी हंबरडा फोडला असता.

मिरवणुकीसाठी रसेलने मला सुरू केलं, माझ्या गिअरची शीळ वाजली, आणि पाठमोरा डेरेक जागीच थांबला. वळला. हळूहळू जवळ आला.

"रसेल, हे काय करून ठेवलंयस?"

"अहो डेरेक, तात्पुरतं आहे. त्याशिवाय आत घेत नाहीत."

"मग बाहेर उभी करायची! आणि आवाज ऐक तिचा. वाटेत कडेवर घेतलीस का?"

"नवा रंग आहे, नवे टायर आहेत. खरचटलं असतं."

"अरे शहाण्या, पीळ चढलाय तिला! चढव आत्ताच्या आत्ता त्या पदपथावर."

"लोक बघतायत डेरेक, मिरवणूक निघालीय." पालथ्या घड्यावर पाणी.

बाजारचौकात रसेलने मला डावीकडे करकचून वळवलं. धाड! माझा पुढचा सांधा फुटला आणि मी बँडच्या मधोमध तेल गाळत आडवी उभी राहिले. बँडवाले थांबले. कुणीतरी ओरडलं, "जर्मनांनी शरणागती पत्करली!" सगळा बाजार हसला. त्या हसण्याने मला जेवढं लागलं तेवढं सांधा फुटल्याने लागलं नाही.

रसेल ओढगाडी आणायला धावला. तेवढ्यात डेरेक माझ्या पुढ्यात आला, खिशातून एक नाणं काढलं आणि माझं कपाळ खरवडू लागला. राखाडी खपल्या निघाल्या, खाली हिरवा, हिरव्यावर पांढरा. रसेल परतला तेव्हा साताचा वाकडा पाय उघडा पडला होता.

तो ओरडेल असं मला वाटलं. तो वाकून जवळ आला. "हा असा वाकडा का?"

"थंडी होती," डेरेक म्हणाला. "हात कापत होता. मी एकोणीस वर्षांचा होतो रे."

रसेलने टोपी काढली आणि काखेत दाबून लपवली.

आता मी रसेलच्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर आहे. सांधा अजून मिळालेला नाही. क्रॉस घासून काढलेत, प्लायवूडची चोच चुलीत गेली. गेल्या रविवारी डेरेक आला. रसेलने स्टूल दिलं, डबा धरला, आणि डेरेकने माझा नंबर पुन्हा रंगवला. या वेळी थंडी नव्हती. हात मात्र पूर्वीपेक्षा जास्त कापत होता आणि सात आणखी वाकडा आला.

"मी सरळ करू का जरा?" रसेलने विचारलं. डेरेकने कुंचला पुसून खिशात टाकला.

मी रसेलला माफ केलेलं नाही. पण एवढं सांगते, त्याला आणि माझ्यासारख्या जुन्या गाड्या जपणाऱ्या सगळ्यांना. मला चमकवू नका, वीर करू नका, जे युद्ध मी पाहिलं नाही ते माझ्या अंगावर चढवू नका. रस्त्यावर नेलंत तर कडेवर चढवा, आळस देऊ द्या. आणि डेरेक नसेल तेव्हाही तो सात कुणी सरळ करू नका.