हॅलोआजीची तिवई

दोन हजार अकरा साल होतं. त्या वर्षी ताईचं पुस्तक छापून आलं आणि माझ्या पायांना भिंगरी लागली.

मित्रांनो, मी एक जुनी तिवई आहे. कुणाच्या तरी दाराच्या उरलेल्या लाकडातून एका सुताराने मला घडवलं. माझे पाय मिटता येतात आणि मिटल्यावर मी काखेत सहज मावते. "चार पायांचं डगमगतं, तीन पायांचं कधी डगमगत नाही," असं म्हणत त्याने माझ्यावर शेवटचा हात फिरवला आणि मला हॅलोआजीच्या खुर्चीशेजारी आणून ठेवलं.

हॅलोआजी म्हणजे ताईची आई. टेलिफोन एक्सचेंजमध्ये तिने सारी नोकरी काढली. कानाला यंत्र लावून लोकांचे फोन जोडून द्यायचे, हे तिचं काम. गल्लीतली मुलं म्हणून तिला हॅलोआजी म्हणत. त्या काळी तारांमध्ये खरखर फार असायची. पण 'ऐकू आलं नाही' असं म्हणणं आजीला कमीपणाचं वाटे. दोन शब्द कानावर पडले की ती उरलेलं ओळखायची आणि "हं, बोला" म्हणून पुढे जायची. निवृत्त झाली तरी ही सवय सुटली नाही.

पुढे काचबिंदूने तिची नजर नेली. मग मीच तिची खूण झाले. पाण्याचं भांडं डावीकडे, चष्म्याचं घर उजवीकडे, मध्ये छोटा रेडिओ. चष्म्याचा आता उपयोग नव्हता, पण तो हाताशी लागायचा. आजी हात पुढे करी आणि आधी माझ्या कडेवरून बोटं फिरवी, जशी एखाद्या नातवंडाच्या डोक्यावरून फिरवावीत.

ताई दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर काम करायची. घरी आली की आईकडून एक्सचेंजच्या गोष्टी काढून घ्यायची आणि लिहायची. पुस्तक तयार झालं, पण कुणी प्रकाशक मिळेना. शेवटी तिने ते स्वतःच छापलं. गठ्ठे घरात आले त्या दिवशी आजीने एक प्रत नाकाला लावून वास घेतला आणि छातीशी धरून बसली.

"आई, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मी वाचून दाखवणार तुला," ताई म्हणाली.

"अगं, मी वाचतो की तोवर दोन पानं," धाकटा भाऊ म्हणाला.

"खबरदार! तुझं वाचणं म्हणजे स्टेशनवरची घोषणा. माझं पुस्तक आई माझ्याच तोंडून ऐकणार."

"तिचं तिलाच वाचू दे रे," आजी हसली. "मला कुठे घाई आहे? मी काय पळून चाललेय?"

मित्रांनो, त्या घरातली सगळ्यात मोठी चूक ती हीच. आणि ती प्रेमातून झाली.

पुस्तक छापलं की संपलं, असं ताईला वाटलं होतं. पण स्वतः छापलेलं पुस्तक स्वतःच पाठीवर घेऊन हिंडावं लागतं. पहिल्या कार्यक्रमात कुणी टेबलच दिलं नाही. पुस्तकं जमिनीवर मांडली आणि एकाचा पाय लागला. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या रविवारपासून तिने मला मिटून काखेत मारायला सुरुवात केली.

मी काय काय पाहिलं! वाचनालयांचे दरवाजे, शाळांची सभागृहं, महिला मंडळांच्या सतरंज्या. ताई उभी राहून पहिलं प्रकरण वाचायची आणि लोक खिळून बसायचे. "काय गोड वाचता हो तुम्ही!" असं म्हणत बायका तिचे हात हातात घ्यायच्या. माझी छाती अभिमानाने फुगायची. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं.

घरी मात्र रविवारी खुर्चीशेजारी मी नसायची. भावाने तिथे एक प्लास्टिकचं स्टूल ठेवलं. आजीचा हात माझ्या उंचीवर गेला, स्टूल खाली राहिलं आणि पाण्याचं भांडं लवंडलं. आल्यावर ताई हळहळली. आजीच तिला समजावत राहिली, "जा गं तू. घरी ठेवायला का लिहिलंस ते?"

बाकीचे दिवस नोकरीचे. संध्याकाळी पुस्तकांची पाकिटं बांधायची, फोनवर लोकांना उत्तरं द्यायची, पुढचा कार्यक्रम ठरवायचा. खुर्चीपाशी येऊन ताई म्हणे, "एवढा एक कार्यक्रम होऊ दे, मग आपण दोघीच." त्याच्यामागे दुसरा कार्यक्रम उभाच असे.

"साऱ्या जगाला वाचून दाखवलंस," भाऊ एकदा म्हणाला. "दिव्याखाली अंधार."

"टोमणे मारू नकोस. मी मजा मारायला जाते का?"

"तसं कुठे म्हणालो? आई वाट बघते, एवढंच म्हणालो."

एक गोष्ट मात्र त्या दोघांनाही कळली नाही, ती मला कळत होती. माझ्या पाठीवरच्या रेडिओचा आवाज हळूहळू मोठा होत चालला होता. आधी रेडिओची थरथर मला जेमतेम जाणवायची. मग माझे पायही थरथरू लागले. आजीला दिसत नाही, तेवढीच करमणूक, असं म्हणून घरच्यांनी तो मोठा आवाज अंगवळणी पाडून घेतला. काही विचारलं की आजी "हं, हं" म्हणायची आणि निभावून न्यायची. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

आणि एका रविवारी कार्यक्रम रद्द झाला. ताई पुस्तक घेऊन आईसमोर बसली. आजीने केस विंचरून घेतले, पदर सारखा केला आणि एक हात माझ्यावर ठेवला. ताई वाचू लागली. आजी मान डोलावत होती.

मग ती गोष्ट आली. एका बापाला दवाखान्यातून मुलगा गेल्याची बातमी येते. फोन जोडून देणारी तरुण आजी तो बोलायचा थांबेपर्यंत तारेवर सोबत राहते. ताईचा आवाज कापू लागला. तिने वर पाहिलं. आजी हसत होती.

"छान, छान," आजी म्हणाली.

ताई वाचायची थांबली. आजीची मान डोलतच राहिली. ताईने पुस्तक मिटलं आणि माझ्यावर ठेवलं. मान तरीही डोलत होती. "हं... हं..." खोलीत दुसरा आवाजच नव्हता.

मग आजीचा हात सरकला आणि मिटलेल्या पुस्तकाला लागला. तिची मान थांबली. आयुष्यात पहिल्यांदा ऑपरेटर पकडली गेली होती. तिने चाचपडत ताईचा चेहरा गाठला. तो ओला होता.

"रडतेस कशाला?" ती म्हणाली. "गोष्टी तर माझ्याच आहेत, मला सगळ्या पाठ आहेत. मला फक्त तुझा आवाज ऐकायचा होता."

कानाचं यंत्र आणलं. त्यातून आजीला नुसती खरखर ऐकू आली. "अगदी जुन्या लाईनसारखं वाटतंय," असं म्हणून ती हसली आणि तिने ते काढून ठेवलं. उशीर झाला होता.

त्यानंतर ताईने रविवार कुणाला दिला नाही. ती खुर्चीपाशी बसून वाचायची आणि आजी तिच्या गळ्यावर बोटं ठेवून बसायची. पुस्तक संपायला थोडी पानं उरली असताना आजी गेली.

भाऊ नोकरीसाठी दूर गेला. फोनवर तो बराच वेळ बोलतो, पण त्या पुस्तकाचा विषय काढत नाही. उरलेले गठ्ठे ताईने वाचनालयांना देऊन टाकले. तिने दुसरं पुस्तकही लिहिलं, ते बऱ्यापैकी खपलं. कार्यक्रमांना ती जाते, लोकांशी बोलते, पण वाचून दाखवा म्हटलं की प्रत दुसऱ्याच्या हातात देते. ती शेवटची पानं तिने अजून मोठ्याने वाचलेली नाहीत. माझा एक पाय सैल झाला आहे आणि मी दाराआड उभी असते. माझी तक्रार नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठी कामं करा. पुस्तकं लिहा, गावोगाव न्या, टाळ्या मिळवा. पण तुमच्या घरात कुणी 'मला काही घाई नाही' असं म्हणत असेल, तर आधी त्याच्यापाशी जाऊन बसा. आजच बसा.