तुरीच्या कोठीतला भाग तीन

आमच्या पौर्णिमाचं इंझोरीला जमलं, ते दोन हजार चोवीस साल. पौर्णिमा माझी नात, माझ्या मुलाची, धम्मरत्नची थोरली. फेब्रुवारीत साक्षगंध झालं आणि मे महिन्याची तारीख धरली. मुलगा चांगला, माणसं चांगली. अडचण एकच होती. पोरीला स्वतःच्या लग्नात बँड पाहिजे होता आणि तिच्या आजोबांना, म्हणजे आमच्या जानरावांना, तो नको होता.

"बँड मांडवापुढं आला तर मी त्या दिवशी मेडशीत राह्यणार नाही," ते म्हणाले. म्हणाले म्हणजे करणारा माणूस. पुतण्याच्या लग्नात पोरांनी ताशा आणला, तेव्हा हे भरलं ताट तसंच ठेवून एसटीने अकोल्याला निघून गेले होते.

गावातल्या साध्या लग्नाच्या समितीचे ते वीस वर्षांहून जास्त अध्यक्ष. कुणाकडे लग्न निघालं की हे दारात हजर. "माह्या धम्मरत्नच्या लग्नात एक पाय हलला नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ऐकणारा बिचारा मान हलवायचा आणि बँडवाल्याला नाही म्हणून कळवायचा.

पौर्णिमा रडली नाही, पण तिचं जेवण कमी झालं. मला म्हणाली, "आजी, मले डीजे नाही पाह्यजे. साधा बँड, अर्धा घंटा. मले नाचायचं हाय. अन् आबाजी बी तिथं पाह्यजेत."

दोन्ही पाहिजे, तिथंच घोडं अडलं.

खरं काय ते मला माहीत होतं. धम्मरत्नच्या लग्नात त्याच्या सासऱ्यांनी न विचारता बँड आणला होता. अध्यक्ष त्याला परत पाठवायला गेले ते पाऊण तास आलेच नाहीत. मी पाहायला गेले, तर मांडवाच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ अध्यक्ष दातात रुमाल धरून नागासारखे डोलत होते. क्लॅरनेटवाला त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसला होता. आणि शूटिंगवाला सगळं टिपत होता.

पुढे लग्नाच्या तीन सीड्या घरी आल्या. ह्यांनी तिसरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हे चुलीत टाक. कोणी विचारलं तर दोनच भाग होते." मी चुलीत टाकली. फक्त ती गाण्यांची एक तडकलेली सीडी होती. जळल्यावर वास सारखाच येतो. भाग तीन मी जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून तुरीच्या कोठीत ठेवला. दर वर्षी नवी तूर भरताना काढायची, पुसायची, परत ठेवायची. नवऱ्याची एखादी गोष्ट आपल्याजवळ असलेली बरी.

आता ती बाहेर काढायची वेळ आली होती. पण सीडीचं मशीन दहा वर्षांपूर्वीच भंगारात गेलं होतं. मी तिन्ही सीड्या पिशवीत घातल्या आणि पौर्णिमाला सांगितलं, "इंझोरीचे पाव्हणे येणार हायत, तवा तुह्या माय-बापाचं लगन टीव्हीवर लावू." एवढंच सांगितलं. आणि एसटीने मालेगावला गेले.

स्टँडसमोर गुलाबसिंगचं फोटोचं दुकान आहे. त्याने तिसरी सीडी उजेडात धरली.

"मावशी, हिच्यात तुरीचा भुसा हाय."

"असू दे. चालते का सांग."

"चालवतो की. कायच्यावर पाह्यची?"

"टीव्हीवर. टीव्हीच्या मागं ती काडी खोसली हाय, फोनातलं टीव्हीत दाखवते ती. अन् फोनावर बी दिसलं पाह्यजे."

"मंग असं करतो, दोन्हीवर चालन अशी फाइल करून पेनड्राइव्हमंदी देतो. झालं का फोन लावतो. नंबर सांगा."

इथे माझी चूक झाली. मी घरचा नंबर दिला. आणि घरचा फोन म्हणजे जानरावांचा फोन, तो त्यांच्या बंडीच्या खिशात.

चार दिवसांनी हे दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून मालेगावला निघाले. खताचा भाव पाहायला जातो म्हणाले. मार्च महिन्यात कसलं खत? पण मी तेव्हा पापड लाटत होते, लक्ष दिलं नाही. संध्याकाळी पेनड्राइव्ह माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "तुहं काम झालं."

त्यांचा चेहरा पाहूनच मला कळलं की माझं काम झालेलं नाही.

पौर्णिमाने सगळं टीव्हीवर लावून पाहिलं. त्रिशरण, पंचशील, हार घालणं, जेवणाच्या पंगती, सगळं होतं. सून धम्मदीपा स्वतःला पाहून लाजली. पण पंगत उठली की एकदम सून गाडीत बसून रडतानाच दिसायची. मधलं गायब. जानराव बाजेवर पडून छताकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी परत मालेगावला. गुलाबसिंग मला पाहूनच हसायला लागला.

"मावशी, माह्या गळ्याची आण घालून त्यांनी तेवढा तुकडा काढाले लावला. सीडी बी घेऊन गेले."

"अन् तुह्या मशीनमंदी काही राह्यलं का?"

"तेबी पुसाले लावलं. समोर उभे राहून." मग त्याने आवाज बारीक केला. "पण मावशी, पुसायच्या आधी तीन डाव पाह्यला. मंग म्हणे, हा एवढा माह्या फोनात टाक, अन् कोणाले सांगू नको. मी म्हणलं, कायले पाह्यजे? तं म्हणे, पुरावा आपल्याच जवळ असावा."

म्हणजे आता जगात तो नाच एकाच ठिकाणी होता, त्यांच्या बंडीच्या खिशात. आणि फोन ते झोपतानाही उशीखाली ठेवायचे. मी दोनदा हात घातला, दोन्ही वेळा जागे झाले.

"काय पाह्यजे तुले?"

"डास मारून राह्यली."

पाहुणे रविवारी आले. मुलाचे वडील शालिग्राम, त्यांची बायको आणि एक पुतण्या. चहा झाला. शालिग्रामभाऊंनी हळूच विषय काढला, "जानरावभाऊ, बँडाचं आमी आमच्याकडून पाहून घेतो, तुमाले तरास नाही."

"तरासाची गोष्ट नाही, व्याही. माह्या धम्मरत्नच्या लग्नात एक पाय हलला नाही."

पौर्णिमा दाराशी उभी होती, ती आत निघून गेली. मी म्हणाले, लगनच लावा टीव्हीवर. धम्मरत्नने लावलं. हे थोडा वेळ बसले, मग उठून अंगणात बाजेवर गेले.

आता एक सांगायला पाहिजे. रोज सकाळी अंघोळ झाली की हे फोनात बुद्धवंदना लावायचे आणि कोपऱ्यातल्या चौकोनी खुणेवर बोट दाबायचे. तसं दाबलं की फोनातलं चित्र आणि आवाज घरातल्या टीव्हीवर यायचा. पौर्णिमाने शिकवलं होतं. वर्षभराच्या सवयीने फोनात काहीही लावलं तरी त्यांचं बोट आधी तिकडंच जायचं.

टीव्हीत पंचशील चाललं होतं. ते मध्येच थांबलं आणि बँड वाजायला लागला. पडद्यावर पाण्याची टाकी आली, क्लॅरनेटवाला आला, आणि दातात रुमाल धरलेले आमचे अध्यक्ष आले. काळेभोर केस, कमरेत वाकलेले, दोन्ही हातांचा फणा केलेला.

पौर्णिमा चहाच्या कपांसकट पळत आली.

बाहेरून आवाज आला, "पौर्णिमा, माह्या फोनातलं चित्र कुठं गेलं वं?"

"आबाजी, आत या. इथं आलं."

ते चष्मा पुसत आत आले. टीव्हीकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पदर तोंडात धरला होता.

"व्याही," शालिग्रामभाऊ म्हणाले, "पाय नाही हलला हे खरं हाय. तुमचं बाकी सगळंच हलून राह्यलं."

धम्मरत्न बंद करायला उठला.

"बस खाली," हे म्हणाले. "बंद कायले करतं? पुढं अजून हाय." आणि शालिग्रामभाऊंच्या शेजारी टेकले. थोड्या वेळाने पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा क्लॅरनेटवाला मेहकरकडचा होता. असा माणूस आता भेटत नाही."

"भेटला तर आणावं का?" पौर्णिमाने विचारलं.

त्यांनी पूर्ण नाच पाहून घेतला. मग म्हणाले, "एक घंटा. त्याच्यावर एक मिनिट नाही. अन् समितीचा राजीनामा मी उद्या देतो, मंग बोलायले कोणाले जागा राह्यत नाही."

रात्री मला विचारलं, "चुलीत काय जाळलं होतं तू?"

"गाण्याची सीडी."

"मले वाटलंच. ते गाणे पुन्हा कधी आयकू आले नाही."

बारा मे रोजी बँड आला. एक तास म्हणून आला आणि अडीच तास वाजला, कारण घड्याळ ह्यांच्याकडेच होतं. पौर्णिमा नाचली. तिने हाताला धरून ह्यांनाही आत ओढलं. गुडघे वाकत नव्हते म्हणून काठी मला दिली आणि उभ्या उभ्या नुसती मान डोलवली.

जानराव तीन डिसेंबर दोन हजार चोवीसला, मंगळवारी पहाटे, मेडशीच्या घरी झोपेत वारले. वय एकोणऐंशी होतं.