मंडईवरचा हॉल

थोरलीच्या आवाजाचा मंडईत दरारा होता. तिनं टोमॅटोचा पुकारा केला की मागच्या गल्लीतल्या बायका पिशवी शोधायला लागत. तिच्या तोंडी लागायची हिंमत भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला नव्हती आणि वजनमापं तपासायला येणाऱ्या माणसालाही नव्हती. नवरा शेजारी बसून निमूटपणे तराजू सांभाळायचा. लग्न झाल्यापासून त्याच्या वाट्याचं बोलणंही तीच बोलून टाकत आली होती, आणि त्याची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

फक्त एका माणसापुढे हा आवाज चालत नव्हता. ती म्हणजे तिच्या धाकट्या जावेची मुलगी.

दोघी जावा एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे राहायच्या. धाकटी घरी मशीन चालवून कारखान्यासाठी कॉलर शिवायची, आणि तिचा नवरा ट्रकवर असल्यामुळे महिन्यातले थोडेच दिवस घरी असायचा. मुलगी सहा वर्षांची होती. लहानपणापासून ती स्वतःभोवती गरागरा फिरायची, म्हणून बापानं कौतुकानं भिंगरी म्हटलं आणि तेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. भिंगरी बोलत नव्हती. डॉक्टरांनी ऑटिझम असं नाव सांगितलं होतं. थोरली दारात उभी राहिली की पोर दोन्ही कान गच्च दाबून कोपऱ्यात सरकायची, आणि थोरलीला ते मनाला लागायचं.

"लाडानं बिघडवलीय," ती धाकटीला ऐकवायची. "दोन दिवस माझ्याकडे दे. सुतासारखी सरळ करून देते."

धाकटी कॉलर शिवत राहायची. उत्तर द्यायलाही अंगात त्राण लागतं, आणि भिंगरी रात्र-रात्र जागी असायची.

मग एके दिवशी बाहेरच्या मोरीजवळ धाकटीचा पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. पाय प्लास्टरमध्ये, नवरा ट्रक घेऊन दूर कुठेतरी. आता पोर कुणाकडे, हा प्रश्नच नव्हता. थोरलीनं भिंगरीला उचललं आणि आपल्या खोलीत आणलं.

सरळ करण्याचा कार्यक्रम पहिल्या संध्याकाळीच आटोपला. थोरलीनं ताट पुढे ठेवलं, भिंगरीनं ते सरकवलं, थोरलीचा आवाज चढला. त्याबरोबर पोर जमिनीवर पडली आणि भिंतीवर डोकं आपटू लागली. तिला धरायला जावं तर आणखी जोरात. एवढी बोलकी बाई, पण तिची दातखीळच बसली. पलीकडून धाकटीचा आवाज आला.

"ताई, बोलू नका. दिवा बंद करा. डोक्यामागे उशी सरकवा आणि नुसत्या जवळ बसा. तिला हात लावू नका."

थोरली अंधारात बसून राहिली. बऱ्याच वेळानं आपटणं थांबलं, श्वास संथ झाला, आणि एक छोटं पाऊल हळूच येऊन तिच्या मांडीला टेकलं. तेवढंच. थोरली हललीसुद्धा नाही. पायाला मुंग्या आल्या तरी तशीच बसली.

त्याच आठवड्यात शहरातल्या, अशा मुलांसाठीच्या केंद्रात भिंगरीची तारीख होती. कित्येक महिने वाट पाहून मिळालेली. चुकली तर पुन्हा रांगेच्या शेपटाला जायचं.

"मी नेते," थोरली म्हणाली.

"दोन बस बदलाव्या लागतात, ताई. बसमध्ये लोक वाटेल ते बोलतात."

"बोलू देत. मलाही तोंड आहे."

पण खरी वेळ आली तेव्हा ते तोंड वापरता येईना. दुसऱ्या बसमध्ये गर्दी झाली आणि भिंगरी किंचाळायला लागली. पुढच्या सीटवरची बाई मागे वळून म्हणाली, "एवढी मोठी मुलगी, काही वळण नाही का लावलं?" थोरलीच्या जिभेवर चांगलं खणखणीत उत्तर आलं होतं. ते बाहेर काढलं असतं तर भिंगरीचं आणखी बिनसलं असतं. तिनं उत्तर गिळलं, पदरानं पोरीच्या डोक्यावर आडोसा केला आणि त्या बाईकडे नुसतं पाहिलं. बाई मुकाट्यानं खिडकीबाहेर बघायला लागली. अशी किती उत्तरं धाकटीनं आजवर एकटीनं गिळली असतील, हे थोरलीला त्या सीटवर बसून कळलं.

केंद्रातली थेरपिस्ट तरुण होती, डोळ्यांखाली काळं आलेलं. दारापासून जिन्यापर्यंत आईबाप आणि मुलं दाटीवाटीनं बसलेली. तिनं भिंगरीशी जमिनीवर बसून खेळ केला. तिला चित्रांची कार्डं दाखवली: पाणी, जेवण, बाहेर जायचं, आवाज नको. कार्ड कसं हातात द्यायचं, पोरीनं दिलं की ती वस्तू लगेच कशी पुढे करायची, हे थोरलीकडून करून घेतलं. बाई कामात पक्की होती आणि पोरीशी गोड होती. थोरलीला ती आवडली.

"हे घरी रोज करायचं," ती म्हणाली. "दिवसभर, प्रत्येक गोष्टीला. आईनं शिवणकाम काही महिने बाजूला ठेवलं तर बरं. आणि रात्री ती जागी असेल तेव्हाही कुणीतरी सोबत हवं."

"म्हणजे आई दिवसा हिच्याबरोबर, रात्री हिच्याबरोबर," थोरली म्हणाली. "मग ती झोपणार कधी?"

थेरपिस्टनं पेन बाजूला ठेवलं.

"त्याची सोय आमच्याकडे नाही," ती सरळ म्हणाली. "मुलासाठी मी आहे. आईसाठी कुणीच नाही. तशी जागाच भरलेली नाही इथे."

"आणि आम्ही परत कधी यायचं?"

"चार महिन्यांनी."

"बाई, चार महिन्यांत भोपळा वेलावर धरतो, पिकतो आणि सडतोसुद्धा."

थेरपिस्टला हसू आलं, पण ते टिकलं नाही. "तुमच्या भागातून बरीच कुटुंबं येतात. दोन बस, दिवसाची मजुरी बुडते. बरेचसे दोनतीन खेपांनंतर यायचं सोडतात. आमची गाडी महिन्यातून दोनदा तिकडे येऊ शकते, पण बसायला जागा कुणी देत नाही. आरोग्य केंद्रानं दिली ती लस टोचायच्या खोलीला लागून. तिथं दुसऱ्या मुलांचं रडणं ऐकून आमची मुलं बिथरायची. एक शांत हॉल मिळवा. मी येते. तुम्हालाही शिकवते, आलटून पालटून मुलं कशी सांभाळायची ते."

"हॉलचं माझ्याकडे लागलं," थोरली म्हणाली. कुठला, कसा, याचा तिनं अजून काहीच विचार केला नव्हता.

पुढचे काही दिवस भिंगरी दुकानात, बटाट्याच्या पोत्यांमागे बसायची. गळ्यात कार्डांची माळ. सुरुवातीला तिनं कार्डं चावली, रांगेत मांडली, फेकली. मग एका सकाळी थोरली नेहमीसारखी कंबरेवर एक हात ठेवून पुकारा करत असताना तिच्या दुसऱ्या तळहातावर काहीतरी येऊन पडलं. कार्ड होतं. कानावर हात ठेवलेल्या मुलाचं चित्र. आवाज नको.

थोरली अर्ध्या शब्दावर थांबली. समोरचा लिंबूवाला काही बिघडलं का म्हणून उठून उभा राहिला. पोरीनं उभ्या जन्मात पहिल्यांदा थोरलीकडे काही मागितलं होतं, आणि मागितलं ते हे. थोरलीनं त्या दिवशी पुन्हा तोंड उघडलं नाही. माल पडून राहिला. संध्याकाळी घरी जाऊन तिनं धाकटीला सांगितलं, "तुझी लेक मला गप्प बस म्हणाली," आणि दोघी हसता हसता रडल्या.

हॉल तिच्या डोक्यावरच होता. मंडईच्या वरच्या मजल्यावर, विक्रेता संघाचा. मोठा, हवेशीर, जाड भिंतींचा. तिथे वर्षातून एकदा बैठक व्हायची आणि रोज दुपारी पत्ते. संघाचा अध्यक्ष कांदे-बटाट्याचा ठोक व्यापारी होता. थोरली भिंगरीचं बोट धरून त्याच्या गाळ्यावर गेली. आसपासच्या विक्रेत्यांनी हातातली कामं टाकली; आता चांगला तमाशा होणार अशी सगळ्यांची खात्री होती.

"हॉल सभासदांसाठी आहे," अध्यक्ष म्हणाला.

"मी कोण मग?"

"सभासद तुझा नवरा. गाळा त्याच्या नावावर. आणि असली मुलं इथं आणलीस तर दिवसभर आरडाओरडा. गिऱ्हाईक फिरकेल का? काय ते आपापल्या घरात सांभाळावं माणसानं."

लोक कान टवकारून वाट बघत होते. थोरलीच्या हातात भिंगरीचं बोट होतं. ती बोलली ती इतक्या हळू आवाजात की ऐकायला अध्यक्षाला पुढे वाकावं लागलं.

"घरात सांभाळूनच आमच्या पोरीची आई अर्धी झालीय. उद्या दुपारी आम्ही येणार. दार उघडं असलं तर आत बसू, कुलूप असलं तर जिन्यावर बसू. पण बसू."

अध्यक्षाला तिचं ओरडणं अंगवळणी पडलं होतं. हे हळू बोलणं ऐकून तो जरा चपापला.

दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप होतं. थोरली जिन्यावर बसली. कुबड्या टेकत धाकटी आली. शाळेत झाडलोट करणारी एक बाई आपल्या उंच, वयात आलेल्या मुलाला घेऊन आली. अंडीवाला जुळ्या नातवंडांना घेऊन आला. थोरलीनं कळवल्यावर थेरपिस्टनं निरोप दिलेले आणखी काहीजण आले. जिना भरला. पत्ते खेळायला आलेली मंडळी खाली घुटमळत राहिली. एवढ्या मुलांना ओलांडून वर जायची कुणाची छाती झाली नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशीही.

शेवटी अध्यक्षानं थोरलीच्या नवऱ्याला गाठलं. "बायकोला आवर तुझ्या."

"माझे तर कधीच हात टेकून झालेत," नवरा म्हणाला. "तुम्ही बघा करून."

मग त्यानं तराजू झाकला, खिशातून किल्ली काढली आणि जिना चढायला लागला. पत्त्यांसाठी रोज दुपारी हॉल उघडायचं काम त्याच्याकडेच होतं. किल्ली इतके दिवस त्याच्याच खिशात होती. थोरलीनं एकदाही मागितली नव्हती. त्यानं कुलूप काढलं, दोन्ही दारं लोटली आणि टेबलावरचे पत्ते गोळा करून खिशात घातले.

"आधी का नाही उघडलंस?" ती म्हणाली.

"तू विचारलं नाहीस," तो म्हणाला, आणि खाली जाऊन तराजूपाशी बसला.

अध्यक्ष पाठोपाठ आलाच, सोबत चार माणसं घेऊन. नेमकं तेव्हाच झाडलोटवाल्या बाईच्या मुलाचं बिनसलं. दाराशी एवढी अनोळखी माणसं पाहून तो स्वतःच्या तोंडावर मारून घेऊ लागला. त्याची आई एकटी त्याला पुरत नव्हती. धाकटी बसल्या जागेवरून म्हणाली, "तुम्ही पाचजण बाजूला व्हा. दार मोकळं सोडा. कुणी बोलू नका." इतक्या ठामपणे ती कधी कुणाशी बोलली नव्हती. अध्यक्ष बाजूला झाला. थोरलीनं मुलाच्या हाताआड बरोबर आणलेली उशी धरली, अंडीवाल्यानं खिडक्या लावल्या, आणि सगळे थांबून राहिले. मुलगा हळूहळू निवला.

"हे रोज होतं?" अध्यक्षानं त्याच्या आईला विचारलं.

"रोज. घरी मी एकटीच असते."

अध्यक्ष काही विरघळला वगैरे नाही. वार्षिक बैठकीत ठरवू, तोवर आठवड्यातल्या दोन दुपारी वापरा, एवढं बोलून तो खाली गेला. बैठकीत त्यानं विरोधातच हात वर केला. पण लिंबूवाल्यानं बाजूनं केला, फुलवालीनं केला, आणि पत्ते बंद पडलेल्यांपैकीही काहींनी केला. गाळे नावावर नसलेल्या बायका भिंतीला टेकून मोजणी बघत उभ्या होत्या. निकाल त्यांच्या बाजूनं लागला.

थेरपिस्ट आली. कार्डं कशी वापरायची, मूल बिथरलं तर काय करायचं, आणि दुसऱ्याचं मूल दुपारभर कसं सांभाळायचं, हे तिनं सगळ्यांना शिकवलं. पाळ्या लागल्या. धाकटीची पाळी नव्हती त्या पहिल्या दुपारी ती हॉलच्या दारातच उभी राहिली.

"मग मी काय करू, ताई?"

"घरी जा आणि झोप."

धाकटी गेली. दिवेलागणीला थोरली भिंगरीला घेऊन घरी आली तर धाकटी चप्पलसुद्धा न काढता पलंगावर आडवी झालेली, गाढ झोपेत. थोरलीनं आवाज न करता दार ओढून घेतलं आणि पोरीला आपल्याकडे जेवायला नेलं.

काही महिन्यांनी आरोग्य खात्याचे साहेब हॉल बघायला आले. सोबत फोटोवाला होता. साहेबांनी फिरून पाहिलं, मान डोलावली.

"फारच छान. लोकांनी ठरवलं की काय होत नाही. तुम्ही एवढं स्वतः करताय, मग खात्याची गरजच कुठे उरली?"

थोरली बोलायला पुढे झाली, पण धाकटी आधीच उभी राहिली होती. पाय आता बरा झाला होता.

"साहेब, आम्ही करतोय कारण तुम्ही केलं नाही. मी कॉलर शिवते, या शाळा झाडतात, हे अंडी विकतात. आम्ही एकमेकांना झोपू देतो, एवढंच आमच्या हातात आहे. मुलांना शिकवायला थेरपिस्ट लागते आणि तीही आठवड्याला. आईबापांकडे बघणारं माणूसही लागतं. ते नेमणं तुमचं काम. ते कधी करताय, ते सांगा. फोटो नंतर काढू."

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला. वरिष्ठांशी बोलून बघतो, असं काहीतरी साहेब म्हणाले.

"बघा," धाकटी म्हणाली. "आम्ही सोमवारी तुमच्या कचेरीत येतो विचारायला. मुलांनाही आणतो."

सोमवारी ते सगळे गेले. कचेरीच्या व्हरांड्यात बाकं कमी पडली म्हणून फरशीवर बसले. शिपायानं हटकलं तेव्हा थोरलीनं त्याला कुजबुजत सांगितलं की साहेबांशी आमची वेळ ठरलेली आहे. पुढच्या सोमवारी पुन्हा गेले, त्याच्या पुढच्याही. केंद्राची गाडी आता दर आठवड्याला येते. आईबापांसाठीची जागा मंजूर झाल्याचं सांगतात, माणूस अजून आलेलं नाही. व्हरांड्यात आता दोन बाकं वाढली आहेत. ती भरली तरी उरलेले लोक फरशीवर बसतात.