अकरा मीटर राहिले होते

कथील सापडल्याची बातमी तिने कचेरीत उभ्याउभ्याच वाचली. तिने पूर्वी सोडून दिलेल्या टेकडीवरच दुसऱ्या एका कंपनीने बोअर घेतली होती आणि ग्रॅनाइटच्या माथ्यातच धातू लागला होता. ती तडक कोठारात गेली. चौदा वर्षांपूर्वी तिथल्या बोअरमधून काढलेल्या दगडांच्या पेट्या धूळ खात पडल्या होत्या. शेवटच्या पेटीतल्या दगडाच्या कांड्या तिने ओल्या फडक्याने पुसल्या. त्यांवर अभ्रकाची हिरवट चकाकी दिसली, कथील जवळ असल्याची खूण.

तेव्हा ती नवखी भूवैज्ञानिक होती. बोअरच्या मशीनवर होते दाजी, तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दगडाचा रंग बदललाय, आणखी वीस मीटर जाऊ या, असं त्यांनी दोनदा सांगितलं होतं. पण तिचं आपलं ठरलेलं. ग्रॅनाइटचा रस खोल जमिनीत थिजत जातो, उरलेलं कढत पाणी धातू घेऊन वरच्या खडकाच्या भेगांत शिरतं. त्या भेगा कोरड्या निघाल्या, मग ग्रॅनाइट फोडून काय मिळणार? कधीकधी ते पाणी ग्रॅनाइटच्या माथ्यातच कोंडतं आणि धातू तिथेच सोडतं, हेही ती शिकली होती. पण महिनाभराच्या तंबूला ती विटली होती. वहीत तिने 'ग्रॅनाइट' एवढंच लिहिलं आणि मशीन थांबवायला लावलं.

पुढे काहीच न सापडल्याचं खापर साहेबांनी दाजींवर फोडलं. म्हणे, यांनीच बोअर वाकडी नेली. ती समोर होती, पण मूग गिळून बसली. दाजींची नोकरी गेली, आणि तेव्हापासून ते पाण्याचे पंप दुरुस्त करत होते.

त्याच दुपारी ती त्यांच्याकडे गेली. ताईने हसून दार उघडलं, त्याने तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाजी एक पंप खोलून बसले होते.

"दाजी, बोअर सरळच होती. थांबवली मी, आणि साहेबांपुढे गप्पही मीच बसले."

मग तिने बातमी सांगितली. दाजींनी पाना खाली ठेवला.

"आपण थांबलो तिथून किती खाली होतं?"

"अकरा मीटर."

त्यांनी फडक्याला हात पुसले. "इतकी वर्षं मला वाटायचं, माझंच कुठेतरी चुकलं असेल," ते म्हणाले.

तिला रडू आवरेना, पण तिची समजूत कुणी घातली नाही. तिने तिथेच कागद मागून घेतला आणि आपल्या कंपनीला सगळं खरं लिहिलं. दाजींनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं.

"रंग बदलल्याचं मी सांगितलं होतं, तेही घाल."

तिने तेही घातलं. निघताना दाजी फाटकापर्यंत आले. ताई मात्र आतून बाहेर आली नाही.